इंजिन खोलू नका, आधी मीटरचं बघा

पहिलं काम, गॅरेजवाल्याला फोन लावा आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवू नको म्हणून सांगा. आत्ताच. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तर तुमचं म्हणणं मला कळलं ते असं, की तुम्ही साताऱ्याचे, पुण्यातल्या एका ऑटो कन्सल्टंटकडून, म्हणजे जुन्या गाड्यांच्या दलालाकडून, २०१६ ची डिझेल हॅचबॅक सव्वाचार लाखाला घेतली, मीटरवर ६१ हजार, अठरा दिवसांत गाडी गरम व्हायला लागली, कूलंट रोज कमी होतंय, मेकॅनिक म्हणतो हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेलंय आणि विकणारा म्हणतो सेकंडहँडला कसली वॉरंटी, जशी आहे तशी घेतली म्हणून पावतीवर तुमची सही आहे.

मी २०२१ मध्ये नाशकात असाच फसलोय म्हणून सांगतो. तेव्हा डोकं फिरलं होतं, घरात लग्न होतं, गाडी पाहिजेच होती, म्हणून सरळ इंजिन खोलून काम करून घेतलं, ३१ हजार गेले आणि बिलाचे पैसे मागायला गेलो तर समोरचा म्हणतो तुमच्याच फिटरने वाट लावली असेल, आम्ही दिली तेव्हा गाडी ठणठणीत होती. आता काय बोलणार? जुने पार्टसुद्धा गॅरेजवाल्याने भंगारात टाकलेले. ते ३१ हजार मला कधीच परत मिळाले नाहीत. मिळालं ते दुसऱ्याच मुद्द्यावर, मीटर मागे फिरवलं होतं त्यावर.

म्हणून तुम्हाला पण तेच सांगतोय. एवढ्या जुन्या डिझेल गाडीचं गॅसकेट जाणं ही नुसती झीज आहे असं विकणारा म्हणणार आणि ते खोडून काढणं अवघड असतं खरं सांगायचं तर. पण "गाडी बिघडली" ही एक तक्रार आणि "खोटं सांगून विकली" ही वेगळी तक्रार, दुसरी जास्त जड. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोषाची जी व्याख्या आहे त्यात विकणाऱ्याने मालाबद्दल कुठल्याही प्रकारे जो दावा केला त्यात कमी पडणं हे पण येतं, आणि जुनी वस्तू म्हणून त्यातून सूट नाही. त्याने जाहिरातीत टाकलेलं ६१ हजार रनिंग, सिंगल ओनर, नॉन ॲक्सिडेंट, हे सगळे दावेच आहेत. ती जाहिरात अजून दिसत असेल तर लगेच स्क्रीनशॉट मारा, उद्या काढून टाकेल. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, मोबाईल बदलू नका.

मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसी घेऊन जा आणि गाडीची सर्व्हिस हिस्टरी मागा. तारखेवार किलोमीटर लिहिलेले असतात. माझ्या गाडीच्या मीटरवर ५४ हजार होते आणि तिथल्या नोंदीत दोन वर्षं आधीच ८९ हजार! काही सेंटरवाले प्रिंट द्यायला कुरकुर करतात, तेव्हा एक जनरल चेकअप तिथेच करून घ्या, थोडे पैसे जातील पण जॉबकार्डवर आजचे किलोमीटर आणि गॅसकेटचं निदान लेखी येतं. गाडी टो करून न्या, गरम होत असताना चालवत नेलीत तर त्याच्या हातात आयतं कोलीत देताय.

आता सहीचं. ती "जशी आहे तशी" वाली ओळ खोटं बोलायचं लायसन नाही. फसवून घेतलेली संमती असेल तर करार रद्द करता येतो हे १८७२ च्या करार कायद्यापासून चालत आलंय. मात्र सात दिवसांत गाडी परत करायचा हक्क असतो असं जे कोणीतरी तुम्हाला सांगितलं तसा कायदा आपल्याकडे नाही, काही कंपन्या स्वतःहून तशी सोय देतात तेवढंच.

खरी मेख दुसरीच आहे. तुमचे कागद कोणाच्या नावाने झालेत ते बघा. बरेच कन्सल्टंट फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) मूळ मालकाची सही घेऊन ठेवतात आणि गाडी थेट त्याच्याकडून तुमच्या नावावर जाते, मधे यांचं नाव कुठेच नाही, आणि भांडण झालं की म्हणतात आम्ही तर फक्त ओळख करून दिली. असं असेल तर पैसे कोणाच्या खात्यात गेले, टोकन कोणी घेतलं, कमिशन कोणी घेतलं ते सिद्ध करायला लागेल. पैसे घेऊन मध्यस्थी केली तरी ती सेवाच झाली, त्यातही कमतरतेची तक्रार बसते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की पोर्टलवर तसं कळवायचं असा नियम आहे, तेव्हा त्याला पत्रात सरळ विचारा तुमचं अधिकारपत्र दाखवा. (आणि उलट, एखाद्या शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ता बंद, मग दिवाणी कोर्ट आणि चप्पल झिजवणं.)

पत्र म्हणजे नोटीस. वकीलच पाहिजे असं नाही, स्वतः लिहा. गाडी कधी घेतली, काय सांगितलं होतं, काय निघालं, आणि सात दिवसांत येऊन गाडी बघा नाहीतर मी दुरुस्त करून खर्च तुमच्याकडून मागेन, हे वाक्य नक्की टाका. म्हणजे गाडी महिनोन्महिने दारात उभी ठेवायची गरज नाही आणि मला न विचारता खोललं असं त्याला म्हणता येत नाही. स्पीड पोस्टने, पोचपावतीसकट. खोललीत तर फोटो काढा आणि जुने पार्ट पोत्यात बांधून घरी ठेवा.

पंधरा दिवस वाट बघा, मधे १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला नोंदवा, त्यानेही कधीकधी हलतात. नाही हलला तर जिल्हा ग्राहक आयोग, आपण जुन्या सवयीने मंच म्हणतो तो. ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी शून्य, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन दाखल होतं, घटनेपासून २ वर्षांच्या आत. आणि गंमत म्हणजे तुम्ही जिथे राहता तिथे, म्हणजे साताऱ्यातच, दाखल करता येतं, त्यामुळे दर तारखेला पुण्याहून त्याला यायला लागेल, तुम्हाला नाही. कायद्यात निकालासाठी, मालाची तपासणी लागली तर, ५ महिने अशी मुदत आहे पण ती धरून बसू नका, माझ्या केसला दोन वर्षं लागली आणि शेवटी मध्यस्थीत ७० हजारांवर मिटवलं. व्याज वगैरे सोडून दिलं, कंटाळलो होतो.

तो आता "गाडी आणून सोडा, बघतो" म्हणेल. किलोमीटर, तारीख, तक्रार लिहिलेली सहीची पावती त्याने दिल्याशिवाय चावी देऊ नका. पोलिसांत लेखी अर्ज द्यायला हरकत नाही, मीटर फिरवलेलं निघालं तर तो फसवणुकीचाच विषय, पण तिथे बहुतेक वेळा दिवाणी आहे म्हणून वाटेला लावतात.

आणि हो, इन्शुरन्स तुमच्या नावावर केलात का? थर्ड पार्टी आपोआप येतो पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत ट्रान्सफर करून घ्यायचा असतो, तुमचे अठरा झाले. आजच करा.

जुन्या मालकाचं नाव आरसीच्या जुन्या झेरॉक्सवर किंवा फॉर्म २९ वर असेल, मिळाला तर त्याला फोन लावा. भांडायला नाही, गाडी कितीला आणि किती किलोमीटरला दिली एवढंच विचारायचं. माझ्यावेळी त्या काकांनी मीटरचा फोटोच पाठवला होता, गाडी देताना काढलेला.