सातपुड्यात वीज पडून लागलेला मोठा वणवा आटोक्यात कसा आणतात? की लोकच आग लावतात आणि विजेचं नाव सांगतात?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून लिहायला बसलो. हेच वाक्य माझ्या वडिलांना तोंडावर ऐकावं लागलं होतं.

विजेने वणवा लागतो. मे अखेरीस खान्देशात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. वळवाचं आभाळ येतं, गडगडतं, चार थेंब पडतात आणि वारा सगळं उडवून नेतो. पाऊस नाही, नुसती वीज.

मी बारावीला होतो. आबा, म्हणजे माझे वडील, उन्हाळ्यापुरते आगीच्या कामावर वनमजूर होते. एका संध्याकाळी डोंगराच्या धारेवरच्या वाळक्या सलईच्या झाडावर वीज पडली, ती अख्ख्या पाड्याने पाहिली. रात्रभर काही दिसलं नाही. सलईत राळ असते, पोकळ खोडात विस्तव धुमसत राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला तेव्हा धूर निघाला आणि दिवस मावळेपर्यंत आग कुसळीच्या गवतातून दोन खोऱ्यांत पसरली.

पथकाचे साहेब म्हणाले, वर चढा आणि आगीच्या तोंडावर पट्टा मारा, म्हणजे पाला-गवत काढून आग अडेल अशी जमीन मोकळी करा. आबांनी सरळ नकार दिला. चढावर आग पळते आणि माणूस दमतो, त्यामुळे पेटत्या उताराच्या वरच्या अंगाला जायचं नसतं. त्यांनी नाल्याच्या कोरड्या खडकापासून सुरुवात केली, म्हणजे आग वळसा घालून पाठीवर येत नाही. तिथून आगीच्या कडेकडेने, दाताळ्याने सागाचा पाला ओढत आणि गवत कापत, माती उघडी पडेपर्यंत आम्ही पट्टा काढत गेलो. ज्वाळा कमरेखाली असेल तरच ओल्या डहाळीने विझवायची. तीही झोडपायची नाही, दाबून जळलेल्या बाजूला ओढायची, नाहीतर ठिणग्या आपल्याच मागे पडतात. रात्री वारा फिरला, डोंगरावरून खाली वाहू लागला. तेव्हा कुठे आबा धारेवरच्या जुन्या जाळरेषेवर (आग अडावी म्हणून आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर) गेले आणि तिथून आतल्या बाजूला उलट आग सोडली. दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या आणि बसल्या. पहाटेपर्यंत वेढा पुरा झाला.

साहेबांनी 'आटोक्यात आली' म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. आबा सांगत होते की कडेची वाळकी झाडं पाडू, ओंडके उलटून माती टाकू, दोन रात्री चार माणसं ठेवा. कोणी ऐकलं नाही. दुपारी अशाच एका उभ्या खोडातून ठिणग्या पट्ट्यापलीकडे गेल्या. ही दुसरी आग पहिलीपेक्षा मोठी निघाली.

मग कागदावर कारण आलं: मोह वेचणाऱ्यांनी पाला पेटवला. अहो, मोहाचं फूल मार्च-एप्रिलात गळतं! मे अखेरीस झाडाखाली कोण कशाला पाला जाळेल? तरी आमच्याच पाड्यातल्या माणसांना चौकशीला खेटे घालावे लागले, त्यात आबाही होते.

विमान-हेलिकॉप्टरने आग विझवता येत नाही का, असंही कोणी विचारेल. २०१६ साली उत्तराखंडात हवाई दलाने हेलिकॉप्टरने पाणी टाकलं होतं. आमच्या डोंगरात मी तसं कधी पाहिलं नाही. आणि वरून पाणी टाकलं तरी खाली पट्टा माणसांनाच काढावा लागतो. आता भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून इशारा मोबाइलवर येतो. चांगली सोय आहे, पण पोकळ खोडातला निखारा उपग्रहाला दिसत नाही. 'आटोक्यात' म्हणजे भोवती वेढा पडला एवढंच, आग विझली असं नाही. हे ज्याला कळत नाही त्याने पथक चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे खरं की आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हाताने लागतात, आमच्या भागातलेही. ते मी नाकारत नाही. आणि उलट आग स्वतः लावायला जाऊ नका. ती जाणत्याचं काम आहे, चुकली तर माणसं मरतात, आणि राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. धूर दिसला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

पण कारण लिहिण्याआधी त्या जागेवर चढून झाड तरी पाहा. आमच्या सलईची साल शेंड्यापासून बुडापर्यंत उभी सोलली गेली होती, ही वीज पडल्याची खूण. आबा चौकशीत प्रत्येक वेळी तेच सांगत होते, पण ते बघायला धारेवर कोणी आलं नाही.