खुल्या मैदानातल्या कला महोत्सवासाठी हलतं शिल्प करतोय. लोकांना हँडल फिरवायला द्यावं की सेन्सर आणि मोटर लावावी?

हँडल. सेन्सरचं नाव काढू नका.

माझं पहिलं शिल्प म्हणजे साडेतीन मीटरचा खांब, वर पत्र्याची बारा पानं, खाली हँडल. जोडीदार मित्र म्हणत होता, मोटर लावू, लोकांचा भरवसा नाही. मी हटून बसलो. पहिला दिवस झकास गेला. एक पोरगी दोन्ही हातांनी हँडल ओढायची, वर बघायची, पान हललं की थांबायची. आपणच हलवलं ना, याची खात्री करून पुन्हा ओढायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनी जोर लावून हँडल उलटं फिरवलं, तिसरा त्याला लोंबकळला. शाफ्टवरचं, म्हणजे फिरत्या दांड्यावरचं, चाक मी नुसत्या ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) धरलं होतं. ते सुटलं. हँडल गरागरा, पानं ढिम्म. तरी लोक अर्धा तास फिरवत होते! हलती शिल्पं करणाऱ्या स्विस शिल्पकार टिंगेलीने १९६० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत स्वतःला मोडून घेणारं यंत्र उभं केलं होतं, पण ते मुद्दाम. मित्र एवढंच म्हणाला, "बोललो होतो."

काय बोलला होता? चूक लोकांची नव्हती, हँडलची तर नव्हतीच. शाफ्टला चावीची, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या धातूच्या तुकड्याची, खाच पाडायचा आळस माझा. आता खाच असते आणि हँडलमागे सायकलचं फ्रीव्हील. उलटं फिरवलं तर नुसतं कटकट वाजतं, आणि हात सोडल्यावर जड चाकाच्या वेगाने हँडल मनगटावर येऊन बसत नाही. हँडलला मोठा माणूस लोंबकळणारच, हे धरून जाडी ठरवा.

पुढच्या खेपेला मित्राने हट्टाने सेन्सरवालं केलं. भर उन्हात इन्फ्रारेड सेन्सर आंधळा झाला. लोकांनी दोनदा हात हलवला, फोटो काढला, निघाले. दोष मित्र अजून ढगांना देतो, पण ढग नव्हतेच!

हां, हलत्या भागांमधली फट ८ मिमीपेक्षा कमी ठेवा नाहीतर २५ मिमीपेक्षा जास्त, मधल्यात बोटं अडकतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, रात्री पानं बांधून ठेवा. आणि ज्यांना हँडल फिरवताच येत नाही त्यांच्यासाठी साधं मोठं बटण आणि छोटी मोटर हवी. एवढं एक मित्राचं बरोबर होतं. बाकीचं नाही.