दोन वर्षं कुठून मोजायची?

प्रश्न: रामटेकजवळ खिंडसी तलावावर माझी मोटरबोट आहे. मुंबईच्या एका वर्कशॉपची माणसं येऊन स्टर्नड्राइव्ह (बोटीच्या मागे लागलेलं, प्रोपेलर फिरवणारं गिअर-युनिट) उतरवून बेलोज (त्याची रबरी आवरणं), खालची शिफ्ट केबल (ड्राइव्हमधला गिअर बदलणारी) आणि गिअर ऑइल बदलून गेली. बिल 1 लाख 38 हजार, काम पूर्ण 18 नोव्हेंबर 2023. तेव्हापासून रिव्हर्स पडत नाही, आणि फॉरवर्डमधून न्यूट्रलला आणलं की इंजिन बंद पडतं. मे 2024 मध्ये त्यांचा मेकॅनिक येऊन केबल ॲडजस्ट करून गेला. पावसाळ्यात पुन्हा तेच. आता फोनवर ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणतात. बिलावर ‘न्यायक्षेत्र फक्त मुंबई’ छापलं आहे. नागपुरात केस करता येईल का?

उत्तर: येईल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः कमाईसाठी काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. शिवाय काम झालं खिंडसीवरच. बिलावरच्या त्या ओळीनं घाबरून इतके दिवस गप्प बसलात, हे मात्र मला कळलं नाही. असे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात, आणि प्रत्येकाला छापील ओळीची धास्ती असते, कॅलेंडरची नसते.

तुमचं सगळं याच कायद्याच्या कलम 69 वर अडलंय. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. तुम्ही मे 2024 पासून मोजताय, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तसं मोजू नका. दोष पहिल्या दिवसापासून होता, हे तुम्हीच लिहिलंय. समोरचा वकील तेच वाक्य वाचून दाखवेल. म्हणजे घड्याळ 18 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालं आणि तक्रार 17 नोव्हेंबर 2025 च्या आत गेली पाहिजे. मेमधल्या दुरुस्तीमुळे नवं कारण घडलं, असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ‘पाहू, करू’ या मेसेजेसनी मुदत वाढत नाही, नोटीस पाठवल्यानंही नाही. उशीर माफ करण्याची सोय आहे, पण त्यासाठी पटणारं कारण लागतं, आणि ते पटलं तर आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. ‘साहेब आश्वासन देत होते’ हे कारण कधी चालतं, कधी नाही.

दुसरं, तुम्ही मध्येच रामटेकच्या मेकॅनिककडून ड्राइव्हची लिंकेज (गिअर बदलणारी जोडणी) उघडून घेतली, हे पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. काय म्हणावं आता! वर्कशॉप पहिल्याच उत्तरात ‘बाहेरच्या माणसानं हात घातला’ म्हणणार. आता कुणालाही काही उघडू देऊ नका. जहाजं-बोटींचं काम करणाऱ्या, वर्कशॉपशी संबंध नसलेल्या सर्व्हेअरला बोलवा आणि एक परीक्षा व्हिडिओवर घ्या. इंजिन बंद, चावी बाहेर. कंट्रोल लिव्हरकडून येणारी केबल इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटपासून (जिथे ती खालच्या केबलला जोडते) सोडवायची. मग एकानं प्रोपेलर हातानं फिरवायचा आणि दुसऱ्यानं खालची केबल पुढे-मागे सरकवायची. प्रोपेलर फिरवल्याशिवाय गिअरचे दात जुळत नाहीत, त्यामुळे नुसता लिव्हर ओढून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. दोन्ही गिअर सहज पडले तर दोष लिव्हरच्या बाजूचा, आणि तो भाग बिलात नाही. मग तुमची केस बरीच पातळ होते. केबल जड गेली किंवा रिव्हर्स आलाच नाही, तर त्यांनी बसवलेली केबल किंवा ड्राइव्ह परत चढवतानाची जुळणी संशयात येते. इंजिन बंद पडण्याचंही तेच: गिअर सुटावा म्हणून क्षणभर इग्निशन तोडणारा स्विच अशा ड्राइव्हवर असतो, केबल अडली की तो दबलेलाच राहतो. सर्व्हेअरच्या अहवालात हे त्याच्या शब्दांत यायला हवं, माझ्या नाही.

‘बोट धंद्यासाठी आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ हा बचावही येणार. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, पण 2019 च्या कायद्यातल्या त्या स्पष्टीकरणात वस्तूंचाच उल्लेख आहे, जुन्या कायद्यासारखा सेवांचा नाही, आणि दुरुस्ती ही सेवा आहे. बोट तुम्ही स्वतः चालवता की पगारी माणसं, हे लिहिलं नाहीत. मला नक्की मत देता येत नाही. ग्राहक आयोगानं दार लावलंच तर कराराच्या भंगासाठी दिवाणी दावा तीन वर्षांत करता येतो, म्हणून तोही पर्याय डोळ्यांसमोर ठेवा.

फीची चिंता नको. आता फी नुकसानीच्या मागणीवर नव्हे, तुम्ही मोजलेल्या पैशावर ठरते, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. समोरच्यानं 30 दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी 15. पुढे कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, तपासणी लागली तर पाच. हे वाचून नागपूरच्या कुठल्याही वकिलाला हसू येईल. तारखा पडत राहतात आणि खिंडसीवरचा तुमचा हंगाम त्यांची वाट पाहत नाही. म्हणून अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी आताच करून ठेवा. मिळेलच असं नाही.

कामाची पावती, जॉब कार्ड, बँकेचं विवरण आणि व्हॉट्सॲपचे संवाद एकत्र करा. मोबाइलवरच्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. वर्कशॉपला पाठवायच्या नोटिशीत सात दिवसांहून जास्त मुदत देऊ नका, आणि सर्व्हेअरचा अहवाल उशिरा आला तरी त्याच्यासाठी तक्रार अडवू नका. तो नंतर जोडण्याची परवानगी मागता येईल. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरताना ती नुसती सेव्ह करून ठेवू नका, सादर झाल्याचा क्रमांक हातात घ्या.