सहा किलोंच्या आधी सात सेंटिमीटर बघा

माई, माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे. वर्षभरात तिचं वजन ३७ वरून ४३ किलो झालं. आधी काडीसारखी होती, आता मांड्या भरल्यात, पोट दिसतं. मला थायरॉइड आहे, त्यामुळे सासूबाई म्हणतात, "हार्मोन्सचं दिसतंय, तुझ्याकडूनच आलं असणार." मी तिला रोज सकाळी काट्यावर उभी करते. रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलंय. गेल्या आठवड्यात तिच्या उशीखाली बिस्किटांचा पुडा सापडला. मी खूप बोलले, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खरं सांगते, आठ दिवस माझ्या गोळीतली अर्धी गोळी तिला व्हिटॅमिन म्हणून देतेय. कपड्यांचंही तेच, गेल्या वर्षीच्या पँटी घोट्याच्या वर गेल्यात. दाराच्या चौकटीवरची उंचीची रेघ १४१ वरून १४८ सेंटिमीटरवर आलीय. कुठली कुठली हार्मोन्स तपासून घेऊ?
– एक आई

आधी गोळी. आजपासून बंद, उद्यापासून नाही. थायरॉइडची गोळी म्हणजे वजन उतरवायचं औषध नव्हे. गरज नसताना घेतली तर छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. बरेच महिने चालली तर हाडांवर येतं. धडधड किंवा थरथर आत्ताच जाणवत असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या. नसेल तरी या आठवड्यात न्या आणि गोळीचं सगळं सांगा: किती मायक्रोग्रॅमची, किती दिवस. लाज वाटेल, पण सांगा. हे औषध रक्तातून निम्मं उतरायलाच साधारण आठवडा घेतं. डॉक्टरांना ते माहीत नसेल तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडे काही आठवडे फसवे येऊ शकतात, आणि त्या आकड्यांवरून पुढचे उपचार ठरायचे.

रागावले आहे हे तुम्हाला कळलंच असेल. आता पुढे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच पत्राच्या शेवटी, कपड्यांची तक्रार करता करता लिहून टाकलंय. चौकटीवरची रेघ वर्षात ७ सेंटिमीटर वर गेली. वयात येण्याआधी मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तुमची लेक आता झेप घेतेय. थायरॉइड मंदावला की मुलांमध्ये आधी अडते ती उंची. वजन वाढतं ते थोडंच, आणि त्यातही बरंचसं साठलेलं पाणी असतं. कॉर्टिसॉल हा ताणाचा हार्मोन फार वाढला तरी हीच खूण: मूल रुंदीला वाढतं, उंचीला थांबतं. म्हणून मुलांचे डॉक्टर काट्याआधी उंचीची पट्टी बघतात. वजन वाढतंय आणि पँटी मात्र दोन वर्षं त्याच बसतायत, असं तुम्ही लिहिलं असतं तर मी आज वेगळं उत्तर दिलं असतं.

मग सासूबाई चुकल्या का? नाही हो, हार्मोन्सच आहेत. फक्त आजार नाही. बहुतेक मुली ८ ते १३ या वयात वयात यायला लागतात, मुलगे जरा मागून. त्या वेळी इस्ट्रोजेन मुलीच्या मांड्या, कंबर, छाती इथे चरबी साठवतो. तो शरीराचा बेत आहे, पाळी सुरू व्हायला त्या साठ्याचा आधार लागतो. याच वयाच्या मुलाला टेस्टोस्टेरॉन स्नायू देतो, म्हणून भाऊ चार वेळा खाऊन सडपातळ राहतो आणि बहीण 'सुटली' असं घरात बोललं जातं. शिवाय वाढीच्या हार्मोनमुळे या वर्षांत इन्सुलिनचा प्रभाव थोडा कमी पडतो आणि शरीर ते जास्त तयार करतं. वाढ संपत आली की बहुतेकांचं हे आपोआप सावरतं.

४३ किलो आणि १४८ सेंटिमीटर हे वयाच्या तक्त्यावर मांडलं तर माझ्या हिशेबाने ती अधिक वजनाच्या रेषेच्या आतच आहे. पण तक्ता डॉक्टरांनीच मांडायचा. शाळेतल्या, लसीकरणाच्या कार्डावरच्या जुन्या नोंदी सोबत न्या. एका आकड्यापेक्षा रेषेची चाल जास्त सांगते. तपासण्या कुठल्या, हेही त्यांनाच ठरवू द्या. सगळ्या हार्मोन्सचं एकदम पॅकेज करून घेऊ नका. उंची थांबली, मानेवर घासूनही न जाणारा काळपट मखमली पट्टा आला, सतत तहान लागून वारंवार लघवी होऊ लागली, किंवा पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी ती अनियमित आहे आणि चेहऱ्यावर राठ केस येतायत, असं काही दिसलं तर मात्र थांबू नका.

आता त्या पुड्याबद्दल. मला पत्रात सगळ्यात जास्त तोच टोचला. जठरात घ्रेलिन नावाचा हार्मोन तयार होतो, तो १९९९ मध्ये सापडला. जेवणाआधी तो चढतो आणि मेंदूला भूक कळवतो. त्याच्या उलट लेप्टिन, १९९४ मध्ये सापडलेला. तो चरबीच्या पेशींतून निघतो आणि साठा पुरेसा आहे असा निरोप देतो. तो सापडला तेव्हा वजनाचं औषध मिळालं म्हणून आनंदीआनंद झाला होता. नंतर कळलं की जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असतो, मेंदूच तो निरोप नीट ऐकत नाही. तुम्ही ताट निम्मं केलंत तेव्हा तुमच्या लेकीचा घ्रेलिन चढला आणि लेप्टिन उतरला. झपाट्याने वाढणारं शरीर, अर्धं पोट आणि रात्रीचे अकरा. उशीखाली बिस्किटंच सापडणार. त्याला हावरटपणा म्हणू नका, चोरी तर नकोच. उपासमार लांबली तर उतरलेला लेप्टिन वयात येणंच रोखून धरतो, आणि हाडांचं नुकसान होतं ते वेगळं: मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांचा जवळपास पाव हिस्सा या झेपेच्या आगेमागे दोन वर्षांत भरला जातो.

तेव्हा रात्रीचं ताट पूर्ववत करा. कमी करायचंच असेल तर गोड पेयं करा, ती पोट न भरता साखर देतात. आणि घरात ती कुणालाच नकोत, एकट्या तिलाच बंदी नको. झोप बघा. या वयाला ९ ते १२ तास लागतात. ती तुटली की भूक वाढते आणि गोडाकडे हात जातो.

काटा कपाटात ठेवा. या वयात रोजच्या आकड्यात पाणी, जेवण, शौच एवढंच वरखाली होतं, आणि मुलगी तेवढ्यावरून दिवसभर स्वतःला मोजत बसते. महिन्या-दोन महिन्यांनी चौकटीवर रेघ मारा, पुरे.

तिच्याशी बोलायचं तर व्हिटॅमिनपासून सुरुवात करा. "ती माझी गोळी होती, मी घाबरले होते, चुकलं माझं," एवढंच. ती चिडेल. चिडू द्या. सासूबाईंना काय सांगायचं ते डॉक्टरांकडून आल्यावर ठरवू, आणि तोवर तुमच्या गोळ्यांची डबी तुमच्याच खोलीत, वरच्या फळीवर असू द्या.