रोजचे तीन तास एसटीत जातात, तर ऑनलाइन क्लास लावावा का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आता अकरावी सायन्सला. कॉलेज ढेबेवाडीतच, पण क्लास कराडला. थांब्यावर वाट बघणं धरून जाण्यायेण्यात रोज तीन तास, आणि घरी यायला रात्रीचे साडेआठ. त्यात घरातल्यांचं म्हणणं, "मोबाइलवर कुठं शिक्षण होतं व्हय?" मी साताऱ्यात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय आणि २०२० च्या मार्चपर्यंत मीही हेच म्हणायचो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळेचं. प्रवासात किती वेळ जातो याचा हिशेब घरात कुणी मांडतच नाही. रोज तीन तास म्हणजे सहा दिवसांचे अठरा. दमून आलेली पोर जेवून वही उघडते आणि वहीवरच डुलक्या काढते, हे तुम्ही लिहिलंच आहे. आपल्या जिल्ह्यात पायपीट करून शिकण्याचं कौतुक जरा जास्तच आहे. कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं, नाव घेऊन मलाही हे कुणीतरी ऐकवलं होतं. पण अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं, ते पोरांची वणवण थांबावी म्हणूनच ना?

आता खरा फायदा, जो मला स्वतःला उशिरा कळला. नववीत 'विस्थापन' आणि 'त्वरण' शिकलेल्या मुलीला अकरावीत सगळं इंग्रजीत येतं. वर्गात सर 'ॲक्सिलरेशन' म्हणतात, ती मनात त्याचं त्वरण करते, तोवर सर तीन ओळी पुढे गेलेले असतात. त्यात दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर काढायचं गणित) येऊन बसतात, तेही गणिताच्या सरांनी डेरिव्हेटिव्ह शिकवायच्या आधी. ऐंशी पोरांच्या वर्गात कोण हात वर करणार? रेकॉर्ड केलेल्या तासात तीच मुलगी मला थांबवते, मागे नेते, पुन्हा बोलायला लावते. मला राग येत नाही आणि शेजारचं कुणी हसत नाही.

लॉकडाउनमध्ये माण तालुक्यातली एक विद्यार्थिनी माझे तास डाउनलोड करून बघायची, कारण वस्तीवर रेंज नव्हती. रस्त्याकडेच्या दुकानापाशी जाऊन ती फाइल उतरवून आणायची. कॉलेज उघडल्यावर तिची वही बघितली, तर समासात पेन्सिलीनं आकडे: १७.४०, २३.१०, पुन्हा २३.१०. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "सर, व्हिडिओत इथं मला कळलं नाही, ती वेळ लिहून ठेवलीय." २३.१० ला मी क्रॉस प्रॉडक्टची, म्हणजे दोन व्हेक्टरच्या एका गुणाकाराची, दिशा उजव्या हाताच्या नियमानं दाखवत होतो, आणि माझा हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होता! इतकी वर्षं मला वाटत होतं, पोरांना दिशा कळत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला समासात वेळ लिहायला लावतो. शंका विचारायच्या दिवशी "सर, सगळंच अवघड गेलं" असं कुणी म्हणत नाही, नेमकं मिनिट सांगतात.

लाजऱ्या पोरांचंही एक सांगतो. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली मुलं चॅटमध्ये बिनधास्त विचारतात. काही जण फारच बिनधास्त होतात, ते सोडा.

इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी देणार असेल तर आणखी एक. ती परीक्षा कॉम्प्युटरवर होते. पीसीएम ग्रुपला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, मग गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. स्क्रीनवर प्रश्न वाचायचा, कच्च्या कागदावर गणित करायचं आणि पुन्हा माउस पकडायचा, याला सवय लागते. गावाकडची हुशार मुलं इथं वेळ गमावतात, अभ्यासात कमी पडतात म्हणून नव्हे. ऑनलाइन सराव परीक्षा दिलेली मुलं निदान घड्याळ बघून घाबरत नाहीत. मेडिकलच्या नीटचं मात्र २०२५ पर्यंत तरी तसं नव्हतं, ती कागदावर ओएमआर शीटवर होती; तिच्या वर्षी कशी आहे ते बघा, कागदावर असेल तर गोल भरायचाच सराव हवा.

पैशाचं. लगेच कुणाला फी भरू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आयआयटी कानपूरचं 'साथी' २०२३ पासून जेईई-नीटसाठी फुकट आहे. अकरावी-बारावीसाठी आयआयटीच्या प्राध्यापकांचे 'आयआयटी-पाल'चे तासही आहेत, पण ते इंग्रजीत आणि जरा चढ्या पायरीवरून. पहिल्यांदा शिकायला नको, उजळणीला चांगले. माझ्या भाच्यासाठी एका मोठ्या ॲपचा माणूस घरी आला, दोन वर्षांच्या कोर्सवर सही घेतली आणि हप्ते बहिणीच्या नावावर चढवले. भाच्यानं तीन महिन्यांत बघणं सोडलं, हप्ते चालूच राहिले. घ्यायचंच असेल तर महिन्याच्या बोलीवर घ्या, आणि घरी आलेल्या माणसाला चहा द्या, सही देऊ नका.

कॉलेज मात्र सोडायचं नाही. बारावीला फिजिक्सचे ७० गुण लेखी आणि ३० प्रॅक्टिकलचे. व्हर्नियर कॅलिपरचं रीडिंग व्हिडिओत कितीही झूम करून बघितलं तरी हातात धरल्याशिवाय त्याच्या शून्याच्या खुणेतली चूक सापडत नाही.

तुमच्याकडे पावसात लाइट जाणार आणि रेंजही जाणार, त्यामुळे फक्त लाइव्ह तासांवर चालणारा क्लास घेऊ नका. रेकॉर्डिंग उतरवून ठेवता येतं का, हे पहिलं विचारा. व्हिडिओची क्वालिटी ३६० वर ठेवून बघितला तरी फळा वाचता येतो आणि दिवसाचा डेटा पुरतो.

एकदम कराडचा क्लास बंद करू नका. या महिन्यात फक्त फिजिक्स घरी करून बघा, मोबाइल ओट्याजवळ, तुमच्या नजरेसमोर. रोज एक तास बघणं आणि एक तास व्हिडिओ बंद करून गणितं, याच क्रमानं. पंधरा दिवसांनी तिची वही घ्या आणि समास बघा. तुम्हाला फिजिक्स यायची गरज नाही. आकडे लिहिलेले दिसले की ती थांबून बघतेय. समास कोरा दिसला तर ती नुसतं ऐकतेय, मग कराडची एसटी बरी. आकडे दिसले तर त्या पानांचे फोटो काढून इथं टाका, रविवारी मी उत्तरं देतो.