टायफॉइडची विडाल तपासणी पॉझिटिव्ह आहे, पण ताप एकाआड एक दिवस थंडी वाजून येतो. मलेरिया असू शकतो का?

हो, असू शकतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी तर आधी तोच शोधला असता. तुमच्या भावाला जूनमध्ये मलेरिया झाला, तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप गेला, आणि आता पुन्हा एकाआड एक दिवस हुडहुडी भरते, ताप चढतो, दरदरून घाम येऊन उतरतो. विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची औषधं चालू आहेत. त्या एका तपासणीवर एवढी भिस्त ठेवू नका. टायफॉइड पूर्वी कधी होऊन गेला असला, लस घेतली असली, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. मलेरियातही येते.

मी गडचिरोली जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तनमुने तपासतो. काचपट्टीवर रक्ताचा एक जाड आणि एक पातळ थर घेतो. जाड थरात जंतू आहेत की नाहीत ते कळतं, पातळ थरात कोणते ते. मलेरियाचे मुख्य दोन जंतू, व्हायवॅक्स आणि फाल्सिपॅरम. व्हायवॅक्स असेल तर जंतू शिरलेली तांबडी पेशी फुगून शेजारणींपेक्षा मोठी दिसते. फाल्सिपॅरममध्ये पेशी तेवढीच राहते, आत बारीक कडी दिसते, कधी चंद्रकोरीच्या आकाराचे जंतूही सापडतात. आम्ही यांना पीव्ही आणि पीएफ म्हणतो. रिपोर्टवर नुसतं ‘मलेरिया पॉझिटिव्ह’ असेल तर तो अर्धवट आहे. पीव्ही की पीएफ ते विचारूनच घ्या, औषध त्यावर ठरतं.

पीव्हीला क्लोरोक्विन तीन दिवस. रक्तातले जंतू मरतात, ताप जातो, माणूस कामाला लागतो. पण यकृतात दडलेले तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन सलग १४ दिवस घ्यावी लागते. भावाची हीच गोळी राहिली असावी, असा माझा अंदाज आहे. बरं वाटायला लागलं की ती सोडणारे फार, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती देत नाहीत. तांबड्या पेशींना जपणारं जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटतात, म्हणून लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं.

पीएफला आर्टिमिसिनिन गटातलं संयुक्त औषध तीन दिवस आणि प्रायमाक्विनचा एकच डोस. मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, तेव्हा कुणाच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. पीएफचा ताप पाळी धरून येईलच असं नाही, आणि तो बघता बघता मेंदूवर जातो. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, झटके आले, डोळे पिवळे झाले, धाप लागली, पोटात पाणीही ठरेना, तर गोळ्यांच्या भानगडीत न पडता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे आर्टेसुनेटचं इंजेक्शन देतात.

सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. मलेरियाच्या भागात आशाताईंकडेही किट असतं, बोटातल्या थेंबभर रक्तावर १५ ते २० मिनिटांत निकाल कळतो. निगेटिव्ह आलं आणि ताप चालूच राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्या. आधीची औषधं चालू असताना जंतू कमी असतात, एका नमुन्यात निसटू शकतात. थंडी भरायची वाटही बघत बसू नका, ताप नसतानाही रक्त घेता येतं. जाताना जूनचा रिपोर्ट आणि तेव्हाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.