एक्स-रेचं बटण दोन टप्प्यांत का दाबावं लागतं?

हँडस्विच अर्धा दाबला की घूंऽऽ आवाज येतो आणि पूर्ण दाबल्यावरच एक्सपोजर होतं. एका दाबात काम का भागत नाही, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या वर्षी मलाही ही मशीनची खोडच वाटायची.

तो आवाज ट्यूबमधला अ‍ॅनोड (इलेक्ट्रॉनचा मारा झेलणारी टंगस्टनची तबकडी) फिरू लागल्याचा. ट्यूबला दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम १ टक्का एक्स-रे बनून बाहेर पडते, उरलेल्या ९९ टक्क्यांची उष्णता होते. तीही पडते मिलिमीटरभराच्या फोकल स्पॉटवर, म्हणजे हा मारा जिथे बसतो त्या ठिपक्यावर. टंगस्टन ३४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं खरं, पण तबकडी थांबलेली असेल तर तेही खड्डा पडून वितळेल. म्हणून तबकडी मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांनी फिरवायची, म्हणजे मारा पूर्ण कडेवर वाटला जातो. हा वेग यायला सेकंदभर लागतो आणि तोवर मशीन एक्सपोजर होऊच देत नाही.

(गंमत म्हणजे तबकडीला फिरवणारा रोटर काचेच्या आत निर्वातात आणि त्याला फिरवणारी स्टेटरची वेटोळी बाहेर. निर्वातात तेल-ग्रीस चालत नाही, म्हणून बेअरिंगला बहुधा चांदीचा मुलामा असतो.)

त्याच सेकंदात फिलामेंट, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारी तार, हीही तापते. एरवी फिलामेंट मंद धुगधुगत असतं. प्रेप (बटणाचा पहिला टप्पा) दाबलं की निवडलेल्या एमएइतके (ट्यूबमधल्या प्रवाहाइतके) इलेक्ट्रॉन सुटतील इतकं लाल-पांढरं होतं. हाय व्होल्टेज मात्र दुसऱ्या टप्प्यालाच लागतं. म्हणजे घूंऽऽ चालू असताना एक्स-रे निघत नाहीत, हे व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात.

माझी जुनी सवय अशी: आधी प्रेप दाबायचं, मग निवांत सांगायचं, "श्वास घ्या... अजून... रोखून धरा." सीनियरनी एकदा हात धरून थांबवलं. प्रेप धरून ठेवलं की फिलामेंटचं टंगस्टन उडत राहतं, काचेच्या आतून त्याचा थर बसतो, बेअरिंगही झिजतं. आधी सूचना, मग दोन्ही टप्पे एका दमात.

रडणारं बाळ हा अपवाद. तिथे प्रेप धरायचं, नजर त्याच्या पोटावर ठेवायची, आणि दोन हंबरड्यांच्या मध्ये ते श्वास ओढून घेतं त्या क्षणी बटण पूर्ण दाबायचं.